एका उताऱ्याच्या तीन कादंबऱ्या

वाचकांचे प्रश्न, बाईंची उत्तरं

बाई, तुम्ही रहस्यकादंबऱ्या लिहिल्या, मग ऐतिहासिक, मग मुलांसाठी. एकाच प्रकारात राहावं असं वाटलं नाही का?
*– एक वाचक, निपाणी*

वाटलं की. पहिल्या दोन रहस्यकादंबऱ्या वाचनालयांतून हातोहात फिरत होत्या, प्रकाशक तिसरी मागत होते. ती लिहिलीही. पण तिच्यापाशी मला आणलं ते एका कागदानं, आणि तो कागद एका पुस्तकात संपला नाही.

कर्नाटकात, बेळगावजवळच्या खानापूर तालुक्यात माझ्या आजोळची दोन एकर भाताची जमीन आहे. मामानं तिचा उतारा काढला, तो कन्नडमध्ये. मामा मराठी शाळेत सातवीपर्यंत शिकलेला. त्याला एक अक्षर लागेना. गावातल्या एकानं वाचून दाखवला, आणि त्यानं वाचलं तेच मामानं खरं धरलं. त्यात आजीचं नाव नव्हतं हे कळायला चार वर्षं गेली.

नाव कुणी काढलं? यावर माझी तिसरी रहस्यकादंबरी उभी राहिली. पण लिहून झाल्यावर मला चैन पडेना. रहस्यकथेत वाचकाचं लक्ष 'कुणी?' या एका प्रश्नावर बांधून ठेवावं लागतं. मामा तो कागद घडी करून टोपीत ठेवायचा आणि एकटा असला की काढून नुसता बघत बसायचा. ते दृश्य मी दोनदा लिहिलं आणि दोनदा काढलं, कारण तिथं गोष्ट थांबत होती. तेच तर मला सगळ्यात जास्त सांगायचं होतं.

पुढं आजोळच्या माळ्यावर जुन्या कागदांचं एक गाठोडं मिळालं. मोडी लिपीतलं. मोडी लिहिताना हात शक्यतो उचलायचा नाही, दोन शब्दांत जागा सोडायची नाही, ऱ्हस्वदीर्घाचा भेद पाळायचा नाही. मी मराठीत एम.ए., शाळेत मराठी शिकवणारी, आणि माझ्याच खापरपणजोबांचं मराठी मला वाचता येईना! त्या दिवशी मामाची लाज माझ्या अंगात शिरली. दीड वर्षं बसून मोडी शिकले. गाठोडं मला घेऊन गेलं ते कित्तूरच्या काळात. १८२४ ची राणी चन्नम्माची इंग्रजांशी लढाई, मग तिच्या पदरच्या संगोळ्ळी रायण्णाचं इंग्रजांविरुद्ध बंड. त्याच्या माणसांनी सरकारी कचेऱ्या जाळल्या, आणि १८३१ मध्ये आमच्याच तालुक्यातल्या नंदगडला त्याला फाशी दिलं. कचेरी जळते तेव्हा कागद जळतात, मग जमीन कुणाची हे कोण सांगणार? ऐतिहासिक कादंबरी तिथून सुरू झाली. टोपीतला कागद तिच्यात मावला, फक्त टोपीच्या जागी पागोटं आलं.

मुलांच्या पुस्तकातली मुलगी म्हणजे मामाची नात. मराठी शाळेत जाते, पण तिथं कन्नडही शिकवतात. शेवटी उतारा वाचला तो तिनं, बोट ठेवून, अडखळत. दहा वर्षांची पोर वाचतेय आणि सत्तरीचा आजा ऐकतोय. हे फक्त मुलांच्याच पुस्तकात सांगता आलं, कारण तिथं पोरीची जीत खरीखुरी जीत असते, तिच्याकडे कुणी संशयानं बघत नाही.

संवादांत आपली बेळगावी बोली आणि कन्नड शब्द किती घ्यावेत?
*– एक शिक्षिका, खानापूर*

प्रकार बघून ठरवते. रहस्यकादंबरीत फौजदार कन्नड बोलतो, शिपाई त्याचं मराठी करून सांगतो, आणि करताना एक शब्द गाळतो. सगळा उलगडा त्या गाळलेल्या शब्दात आहे. म्हणून तिथं कन्नड मोजून घेतलं. मुलांच्या पुस्तकात "काय करूलालीस गं?" जसंच्या तसं आहे. त्याखाली अर्थ द्या असं मला सुचवलं गेलं होतं. मी नाही म्हटलं. आमच्या पोरांना आपली बोली पहिल्यांदाच छापलेली दिसणार, आणि तिच्याखाली अर्थ? ऐतिहासिकमध्ये मात्र बोली टाळली. १८३० मधलं बोलणं माझ्या कानांनी ऐकलेलं नाही. गाठोड्यातल्या कागदांत जे शब्द सापडले तेवढेच वापरले.

प्रकार बदलणाऱ्या लेखकाला समीक्षक गंभीरपणे घेत नाहीत, हे खरं का?
*– एक विद्यार्थी, चिकोडी*

बेळगावहून फार दूर नसलेल्या कोवाडच्या रणजित देसाईंकडे बघा. बेरड समाजावर 'बारी' लिहिणारा हाच माणूस थोरल्या माधवराव पेशव्यांवर 'स्वामी' लिहितो आणि १९६४ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळवतो. पुढं कर्णावर 'राधेय' लिहितो, नाटकंही लिहितो. आपल्या शेजारच्या गावानं हे करून दाखवलं आहे, तुम्ही बिनघोर लिहा.

यावर घर चालतं का?
*– एक गृहिणी, शहापूर*

माझं चाललं नाही. घर शाळेच्या पगारावर चाललं. पहाटे साडेचार ते साडेसहा लिहायचं, मग डबा, मग खानापूरची बस.

मला विज्ञानकादंबरी लिहायची आहे. एका साहित्य संमेलनात मला सांगितलं, सीमाभागातला असून अंतराळ कसलं लिहितोस, आपल्या माणसांवर लिही. मी काय करू?
*– एक तरुण वाचक, वडगाव*

वाचून मला राग आला, तुमच्यासाठी. आपली माणसं अंतराळात जाऊ शकत नाहीत असं कुणी ठरवलं? मी वडगावातच वाढले. बाबा हातमागावर शहापुरी साड्या विणायचे, मी कांड्या भरून द्यायची. मागाच्या खटखटीवर मी लहानपणी ज्या गोष्टी रचल्या त्यांत एक चंद्रावर जाणारा धोटा होता. तो मी कधी लिहिला नाही, त्याचं मला अजून वाईट वाटतं.

तुम्ही लिहा. शास्त्राचं पक्कं वाचून घ्या, तिथं चूक झाली तर वाचक पुस्तक मिटतो. यानातला तुमचा माणूस घाबरला की कुठल्या भाषेत ओरडतो, हे पहिल्या प्रकरणाआधी ठरवा. तीन प्रकरणं झाली की मासिकाच्या पत्त्यावर माझ्या नावानं पाठवा. हातानं लिहिलेली असली तरी चालतील, मी वाचीन.