मुलगी अमेरिकेत शिकायला चालली आहे. मन रमण्यासाठी तिने भारतीयांतच राहावं, की इतर वर्णांच्या लोकांशीही मैत्री करावी?

दोन्ही हवं, कारण दोन्हींचा आधार वेगळा असतो. मी न्यू जर्सीतल्या एका रुग्णालयात चौदा वर्षं रात्रपाळीची नर्स आहे.

एकदा एका पेशंटने मला सुनावलं, "नीट इंग्रजी येणारी कुणीतरी पाठवा." बाहेर आले तेव्हा माझे हात थरथरत होते. माझी गोरी मैत्रीण म्हणाली, "त्याला दुखतंय, मनावर घेऊ नकोस." शेजारच्या कृष्णवर्णीय मैत्रिणीने फक्त विचारलं, "खोली नंबर?" माझ्या हातातला औषधांचा ट्रे घेतला आणि गेली. दोघींचाही माझ्यावर जीव आहे. पण त्या रात्री काय झालं हे एकीला समजावून सांगावं लागलंच नाही, आणि माझा जीव भांड्यात पडला तो तिच्यामुळे.

इथे बहुतेकांची मैत्री आपापल्या वर्णातच होते. प्यू रिसर्च सेंटर या अमेरिकी सर्वेक्षण संस्थेच्या २०२३ च्या पाहणीत, जवळचे मित्र असलेल्यांपैकी ६३ टक्के लोकांनी सांगितलं की त्यांचे सगळे किंवा बहुतेक मित्र आपल्याच वर्णाचे आहेत. गोऱ्यांत हे प्रमाण सर्वांत जास्त, ७० टक्के. वस्त्या, शाळा, चर्च अजून बरीचशी वेगवेगळी आहेत, त्यामुळे भेटीच होत नाहीत. तुमच्या मुलीला महाराष्ट्र मंडळ सापडेल, तिथे तिने जरूर जावं. दिवाळीत रडू आलं तर का, ते तिथे कुणी विचारणार नाही.

पण तेवढ्यावर थांबू नये. २००८ साली मानसशास्त्रज्ञ एलिझाबेथ पेज-गूल्ड आणि सहकाऱ्यांनी लॅटिनो (म्हणजे लॅटिन अमेरिकी मुळाच्या) आणि गोऱ्या विद्यार्थ्यांच्या जोड्या लावून तीन भेटींत त्यांची ओळख वाढवली. वर्णामुळे आपल्याला झिडकारतील अशी धास्ती ज्यांना जास्त होती, त्यांच्या शरीरातलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं संप्रेरक, भेटीगणिक उतरत गेलं. तीनच भेटी! म्हणून लॅबमध्ये रोज शेजारी बसणाऱ्या मुलीबरोबर तिने डबा खावा, पुन्हा पुन्हा खावा. एका पार्टीतल्या ओळखीने हे होत नाही.

माझ्या गोऱ्या मैत्रिणीने दोन दिवसांनी मला पार्किंगमध्ये गाठलं. "त्या रात्री माझं काही चुकलं का गं?" तिच्या गाडीत बसून मी पहिल्यांदा तिला सगळं सांगितलं. उजाडेपर्यंत आम्ही तिथेच होतो.