जुना ग्रुप तुटला, आता डबा कोणासोबत खाऊ?

प्रश्न: ताई, मी आठवीत आहे, नागपूरला मनीषनगरात राहते. पाचवीपासून आमचा चौघींचा ग्रुप होता, पण यंदा शाळा उघडल्यापासून तिघी माझ्याशी बोलूनच नाही राहिल्या, माझ्याशिवाय वेगळा व्हॉट्सॲप ग्रुप पण काढला. काय चुकलं विचारलं तर "काही नाही" म्हणतात. मधल्या सुट्टीत मी पाणी प्यायच्या बहाण्याने नळाजवळच उभी राहते. आईला सांगितलं नाही. काय करू?

उत्तर: बेटा, ते नळाजवळचं वाचून पोटात कालवलं गं. तुला लागलंय ते खरंच लागलंय, कोणी "एवढं काय त्यात" म्हटलं तरी. २००३ मध्ये अमेरिकेत एक प्रयोग झाला होता, कॉम्प्युटरवर चेंडू फेकायचा साधा खेळ, आणि मध्येच एकाला चेंडू देणं बंद, तर अंगाला दुखल्यावर मेंदूचा जो भाग जागा होतो त्यातला काही भाग तेव्हाही जागा झालेला दिसला. तू तर रोज त्यांच्याच वर्गात बसते.

तू विचारलं, त्यांनी सांगितलं नाही, आता त्यांच्या बेंचमागे घुटमळू नको. उलट वर्गात नीट बघ, किती मुलींशी तू पाचवीपासून बोललीच नसशील, कारण चौघींचं पुरत होतं, आणि त्यांनाही तुमचा घोळका बघून जवळ यावंसं वाटलं नसेल. त्यातली एकच निवड, यंदा नवीन आलेली असेल तर फारच छान. "इथं बसू का?" एवढंच म्हण आणि साबुदाण्याची उसळ असेल तर डबा तिच्याकडे सरकव. ती नाही म्हणाली तर दुसरी, त्यात कमीपणा नाही.

पण दोन दिवसांत हिरमुसू नको हं. २०१८ च्या एका अभ्यासात साधी मैत्री व्हायलाच सोबतीचे साधारण ५० तास लागतात असं दिसलं, तो मोठ्यांवरचा होता, तरी अर्ध्या तासाच्या सुट्टीने हिशोब केला तर १०० सुट्ट्या होतात! म्हणून शाळेबाहेर पण भेटा, तान्हा पोळ्याला घरातल्या, नाहीतर शेजारच्या छोट्यांचे लाकडी नंदी सजवायला तिला बोलव, रंग-झिरमिळ्या लावता लावता तीन तास कसे जातात कळत नाही.

आणि आईला आजच सांग, पोळ्या लाटताना बाजूला उभी राहून सांग, समोर बसून बोलण्यापेक्षा ते सोपं जातं. त्या तिघी चिडवत असतील, फोटो फिरवत असतील तर क्लासटीचरला सांगायचंच, १०९८ ही मुलांची फुकट हेल्पलाइन पण आहे. मला परत लिही, तिच्या डब्यात काय होतं तेही सांग.