गठ्ठा सुटला पाहिजे

ताई, तुमची पोस्ट वाचली आणि हातातलं काम बाजूला ठेवलं. मुलगी दुसरीत आहे, ४२ मधून १७ वजा करायला सांगितले की ३५ लिहिते. शाळेने साहित्य करायला सांगितलं म्हणून तुम्ही पुठ्ठ्यावर दहा-दहा चिंचोके फेव्हिकॉलने चिकटवून दशकाच्या पट्ट्या केल्या. महिना झाला, तरी उत्तर ३५च. माझ्याकडे अगदी हेच झालं होतं, म्हणून जरा लांब लिहिते.

दशक न मोडता सातातूनच दोन वजा केले की २५ ऐवजी ३५ येतं, ते तुम्हाला कळलंच असेल, त्यात शिरत नाही. माझं म्हणणं एकच आहे: दशक चिकटवू नका.

सोलापूरच्या पूर्व भागात मी बरीच वर्षं संध्याकाळचा वर्ग घेत होते. मुलांच्या घरी तेलुगू, शाळा मराठी, बहुतेकांच्या आया विड्या वळणाऱ्या. साहित्य म्हणजे खराट्याच्या काड्या. बोटाएवढे तुकडे करायचे, टोकं फरशीवर घासून बोथट करायची आणि सायकलच्या जुन्या ट्यूबच्या चकत्या कापून त्यांचे रबर करायचे. दहा झाल्या की गठ्ठा, कमी पडल्या की गठ्ठा सोडायचा. मुलं दिवसभर बांधासोड करायची आणि वजाबाकी येत होती.

मग एका कार्यालयाने साहित्याचं प्रदर्शन ठरवलं. तिथल्या साहेबांनी काड्यांचा डबा पाहिला आणि म्हणाले, “हे काय, केर? नीट मांडून आणा.” मी आठ रात्री बसून दहा-दहा काड्या पुठ्ठ्यावर चिकटवल्या, रंगवल्या, वर प्लास्टिक घातलं. फोटो निघाला, शाबासकी मिळाली आणि साहित्य जमा झालं. जानेवारीतल्या गड्ड्याच्या जत्रेआधी दिलेलं मार्च संपताना परत मिळालं, तेही चार खेपा घालून. दर खेपेला एकच उत्तर, रजिस्टर ज्यांच्याकडे आहे ते आज आले नाहीत. पोरांच्या हातातलं काढून कपाटात कोंबायचं आणि वर उपकार केल्यासारखं परत द्यायचं, याचा मला आजही राग येतो.

पण खरी चूक माझीच. परत आलेल्या त्या पट्ट्या देखण्या होत्या, मेहनतीच्या होत्या, म्हणून पुढचं सबंध वर्ष मी त्याच वापरल्या. एक मुलगा ४२ वजा १७ करायला बसला. समोर चार पट्ट्या आणि दोन सुट्ट्या काड्या. सात काढायच्या होत्या. त्याने एक पट्टी उचलली, तिच्या टोकाची काडी नखाने उचकटायला लागला, प्लास्टिक कोपऱ्यात सुटलं. मी ओरडले, “फाडू नकोस!” त्याने पट्टी खाली ठेवली, हात मांडीखाली घेतले आणि वहीत ३५ लिहिलं. जे शिकवायचं होतं तेच तो करत होता आणि मीच त्याला थांबवलं. हे माझ्या लक्षात यायला वर्ष गेलं. तोवर त्या गटाची हातच्याची वजाबाकी पाठांतरावर गेली होती.

कुणी म्हणेल, माँटेसरीच्या साहित्यातही दहा मणी तारेत पक्के ओवलेले असतात. खरं आहे, पण तिथे मूल दहाची तार देऊन दहा सुटे मणी बदलून आणतं. ती पुढची पायरी आहे, आपण दहाची नोट मोडून सुट्टे घेतो तशी. त्याआधी ‘हे दहा म्हणजे तेच दहा’ हे बोटांनी सोडून पाहिलेलं असलं पाहिजे. मी शिक्षणशास्त्र शिकलेली नाही, हे माझं वर्गात बसून झालेलं मत आहे.

चिंचोक्यांना रबर बसत नाही. रिकाम्या काड्यापेट्या घ्या, एका पेटीत मोजून दहा. पेटी उघडली की दशक मोडला. सुरुवातीचा आठवडा कागद-पेन्सिल नको. “बेचाळीस दे, त्यातले सतरा मला दे,” एवढंच. पेटी कधी उघडायची ते तिला ठरवू द्या. तुमचा हात पुढे जाईल, तो आवरा.

घरी कुठली भाषा बोलता ते लिहिलं नाहीत, पण सोलापुरात हे बघावं लागतं. तेलुगूत ४२ म्हणजे ‘नलभै रेंडु’, आधी चाळीस, मग दोन. मराठीत ‘बेचाळीस’मध्ये दोन आधी ऐकू येतात, म्हणून काही मुलं २४ लिहितात. २०१९ साली दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘एकवीस’साठी ‘वीस एक’ अशी वाचनाची पद्धत आली तेव्हा केवढा वाद झाला होता. माझ्या वर्गात त्या पद्धतीने चांगलं जमायचं. पेट्या मांडताना ‘चाळीस आणि दोन’ म्हणा, मग ‘बेचाळीस’. दोन्ही येऊ द्यात.

घरात तीन वर्षांच्या आतलं बाळ असेल तर चिंचोके, मणी, बटणं त्याच्या हाताला लागू देऊ नका, नाकात आणि घशात जातात. डाळी-कडधान्यं तर वापरूच नका, भुंगे लागतात. पुठ्ठ्याचं दुसरं काही चिकटवायचं असेल तर मैद्याची खळ चांगली, पण बाइंडरवाले तीत मोरचूद घालतात तसं करू नका, ते विषारी असतं.

आणि केलेल्या पट्ट्या टाकून देऊ नका. कोमट पाण्यात थोडा वेळ ठेवा, फेव्हिकॉल मऊ पडतो. मग परात मुलीसमोर ठेवा आणि चिंचोके तिलाच सोडवू द्या, दहा-दहा मोजत. वाळले की पेट्याही तिलाच भरू द्या.