शब्दशंका : महसूल, हशील आणि वसूल

प्रश्न : महसूल, तहसील, हशील हे शब्द एकाच अरबी धातूपासून आले आहेत का? ‘वसूल’ही त्यातलाच का?

उत्तर : पहिले तिन्ही सख्खे, वसूल परका. धातू ह-स-ल, अर्थ हाती येणे, निष्पन्न होणे. अरबी धातू बहुधा तीन व्यंजनांचा असतो आणि त्यापासून ठरावीक साच्यांत शब्द पाडतात. हासिल म्हणजे हाती येणारं, महसूल म्हणजे मिळालेलं (‘मजकूर’ याच साच्यातला), तहसील म्हणजे गोळा करण्याची क्रिया (‘तजवीज’, ‘तपशील’ तसेच). तिला फारसी ‘दार’ जोडला की तहसीलदार.

पुढे अर्थ फाकले. आजच्या अरबीत महसूल म्हणजे शेतातलं पीक, फारसीत आणि तुर्कीत तहसील म्हणजे शिक्षण! हिंदीत बेरजेतल्या हातच्याला हासिल म्हणतात. मराठीनं हासिलचा हशील केला, कारण इ-ईच्या आधी ‘स’चा ‘श’ करायची आपली खोड आहे : नसीबचं नशीब, तफसीलचा तपशील. जुन्या पुस्तकांच्या जाहिरातींतलं ‘टपालहशील निराळे’ म्हणजे टपालखर्च वेगळा. ‘आता रडून काय हशील?’ यात मात्र धातूचा मूळ अर्थ जवळजवळ जसाच्या तसा आहे.

वसूलचा धातू व-स-ल, पोचणे. रक्कम पोचली की वसूल. ‘सूल’ सारखं दिसतं म्हणून फसगत होते, पण महसूलमधला ‘म’ उपसर्ग आहे आणि वसूलमधला ‘व’ धातूचाच.

प्रश्न : मराठी शब्दावरून धातू स्वतः काढता येईल का?

उत्तर : येईल, पण देवनागरीवर विसंबू नका. अरबीतली सीन, साद आणि से ही तीन अक्षरं आपल्याकडे एकाच ‘स’मध्ये जमा होतात, दोन वेगळे ‘ह’ एक होतात. म्हणून आधी मराठी रूप मागे न्या (हशील → हासिल), मग उर्दू किंवा फारसी कोशात त्याचं लेखन पाहा आणि त्यानंतरच उपसर्ग व दीर्घ स्वर काढा. वसूलमध्ये साद आहे, वशिल्यात (वसीला) सीन. त्यामुळे व-स-ल दिसूनही धातू दोन. दीर्घ स्वरही डोळे मिटून काढू नयेत. ‘तारीख’मधला ‘आ’ टाकला तर र-ख एवढंच उरतं; तो ‘आ’ धातूतल्या हमजाचा (अरबीत व्यंजन मानला जाणारा कंठातला अडखळ) आहे.

प्रश्न : हौस आणि हौसला?

उत्तर : संबंध नाही. हौस ही अरबी ‘हवस’, तिचा ‘ह’ही वेगळा. हौसला मात्र जुन्या अरबी कोशांत ह-स-लखालीच सापडतो : मूळ अर्थ पक्ष्याच्या गळ्याखालची दाणे साठवायची पिशवी. फारसीत तिच्यावरून मावण्याची ताकद, मग धीर, आणि हिंदी-उर्दूत हिंमत.