ब्युरोला वर्षाचे पैसे एकदम भरू का?

नाशिकच्या एका ताईंचा प्रश्न आलाय. त्या ६८ च्या, मिस्टर ७३, झेडपीचे रिटायर्ड शिक्षक, दोन वर्षांपूर्वी अल्झायमरचं निदान झालं. पेन्शन ३८ हजार, ताईंच्या नावावर पोस्टात सिनियर सिटिझन स्कीममध्ये १५ लाख, दोघांच्या नावावर २२ लाखांच्या एफडी, घर स्वतःचं, घरखर्च औषधांसकट २६ हजार. सर रात्री दोनला उठून शाळेत जायचंय म्हणून दाराची कडी काढतात. घरी पेशंट सांभाळायला माणूस पाठवणारे ब्युरोवाले २४ तासांच्या माणसाचे महिना २८ हजार सांगतायत, १२ तासांचे १७, आणि २४ तासांचे वर्षाचे एकदम भरले तर १० टक्के सूट. मुलगा म्हणतो एफडी मोड आणि भरून टाक.

ताई, नका भरू. सूट खरी आहे, ३३,६०० रुपये वाचतात आणि एफडी मोडून बुडणारं व्याज त्याहून कमीच भरेल, म्हणजे कागदावर मुलाचं गणित बरोबर आहे. पण सरांना तो माणूस चालेल की नाही हे आज कोणालाच माहीत नाही, अशा पेशंटला परका माणूस आंघोळीला हात लावायला लागला की काहीजण मारायला धावतात, मग ब्युरो दुसरा पाठवतो, तिसरा पाठवतो, कधी चार दिवस कोणीच येत नाही, आणि तुमचे तीन लाख आधीच त्यांच्याकडे असले की तुमच्या फोनला कोण विचारतंय. महिन्याचे महिन्याला द्या.

आणि २४ तासांचा माणूस आत्ताच कशाला? तुमचा त्रास रात्रीचा आहे, दिवसा तुम्ही निभावताय असं तुम्हीच लिहिलंय. सगळे सवयीने दिवसाची शिफ्ट घेतात, तुम्ही रात्री ८ ते सकाळी ८ घ्या. तुम्हाला झोप मिळेल आणि जायच्या आधी तोच सरांची आंघोळ उरकून जाईल. पेन्शन आणि पोस्टाचं व्याज (८.२ टक्क्यांनी महिन्याला १०,२५० पडतात) मिळून ४८,२५०, त्यातून घरखर्च आणि १७ हजार जाऊनही पाचेक हजार उरतात. एफडीला हात लावायची गरजच नाही.

एफडी जपायला मी का सांगतोय, तर पेन्शन सरांची आहे. लिहायला बरं वाटत नाही पण त्यांच्यामागे तुम्हाला फॅमिली पेन्शन शेवटच्या पगाराच्या ३० टक्के मिळेल, म्हणजे आजच्या पेन्शनच्या साधारण ६० टक्के, २२-२३ हजार. पुढे २४ तासांचा माणूस लागेलच, तेव्हा एफडीचं व्याज वापरा, मुद्दल तुमच्या म्हातारपणाचं.

मेडिक्लेममध्ये घरचा अटेंडंट बसत नाही, उगाच आशा ठेवू नका. सरांचं सत्तरीपुढचं आयुष्मान कार्ड मात्र काढून ठेवा, ५ लाखांपर्यंत हॉस्पिटलात ॲडमिट होण्यासाठी आहे.

आता खरी घाई कशाची आहे ते सांगतो. सह्यांची. सरांची सही हल्ली जुळत नाही हे तुम्ही शेवटी एका ओळीत लिहून टाकलंत, मला तीच ओळ सगळ्यात महत्त्वाची वाटली. एफडीवर 'आयदर ऑर सर्व्हायव्हर' (दोघांपैकी कोणीही किंवा मागे राहील तो) असलं तरी मुदतीआधी मोडायला बँक दोघांच्या सह्या मागते, मुदत संपल्यावर एकाची चालते. म्हणून ऑटो रिन्यूअल बंद करा आणि जी एफडी मॅच्युअर होईल ती पुढे तुमच्या नावाने करा. पेन्शनच्या खात्यात तुमचं नाव आहे का तेही बघा. मुलगा मुखत्यारपत्र करू म्हणतोय पण आपल्याकडे माणसाला समजेनासं झालं की ते कायद्याने संपतं, मग हायकोर्टात जाऊन पालक नेमून घ्यावा लागतो, वेळ आणि पैसा दोन्ही जातात. मृत्युपत्र करायचं तर सरांना अजून समजतंय असं डॉक्टर लिहून देत असतील तरच, आणि ते सर्टिफिकेट सोबत जोडून.

बँकेत सरांना सकाळीच न्या. संध्याकाळकडे असे पेशंट जास्त गोंधळतात. आदल्या दिवशी घरी दोन-चार वेळा सही गिरवून घ्या, मास्तरांना फळ्यावर लिहायची सवय असते, पाटी दिलीत तर कदाचित बसतीलही लिहायला.