क्लासिकल गिटारवर घर चालतं का?

प्रश्न असा आहे: लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजची संगीताची आठवी (शेवटची) ग्रेड झाली, इंजिनिअरिंगचं तिसरं वर्ष चालू आहे, तर पुढे कार्यक्रम आणि शिकवण्या यांवर जगता येईल का? मी पुण्यात 22 वर्षं हेच करतोय, म्हणून अरे-तुरे करतो, चालवून घे.

जगता येतं. पण पैसे येतात शिकवण्यांतून. माझे वर्षाला सात-आठ कार्यक्रम होतात, त्यातल्या निम्म्यांचं मानधन रिक्षा आणि तारांच्या नव्या सेटमध्ये संपतं. यात कमीपणा वाटून घेऊ नकोस. तार्रेगासारखा नावाजलेला स्पॅनिश गिटारवादकही (1852–1909) शिकवण्या करतच जगला, आणि त्याचं वादन पुढे नेलं ते ल्योबेत आणि पुजोल या शिष्यांनीच.

आठव्या ग्रेडनंतर ट्रिनिटीचाच एटीसीएल हा डिप्लोमा कर, जमलं तर त्याच्या वरचा एलटीसीएल. ही अक्षरं पालक विचारतात. कार्यक्रम ठरवणाऱ्यांनी मला अजून एकदाही विचारलेली नाहीत.

खरी गोम वेगळीच आहे. रोज पाच-सहा तास गिटार हातात असते, त्यामुळे रियाज झाला असं वाटत राहतं. तो झालेला नसतो. समोरच्या मुलाला चार मात्रा दाखवायला आपण थंड हातांनी, त्याच्या वहीकडे मान वळवून, अर्ध्या लयीत तेच ते वाजवतो. चौथ्या-पाचव्या वर्षी तार्रेगाच्या 'रेकुएर्दोस दे ला आल्हाम्ब्रा' या रचनेतला माझा ट्रेमोलो, म्हणजे एकच सूर बोटांनी भराभर वाजवत राहणं, लंगडायला लागला. अंगठा, अनामिका, मधलं बोट, तर्जनी असा क्रम. त्यात मधलं बोट किंचित आधीच पडायचं. ऐकणाऱ्यांना कळत नव्हतं, मला रात्री झोप लागत नव्हती. शेवटी सकाळी सहा ते साडेआठ फोन बंद ठेवायला लागलो. पहिली वीस मिनिटं मेट्रोनोम (लयीचे ठोके देणारं यंत्र) मिनिटाला 60 ठोक्यांवर, फक्त ती चार बोटं. सूर परत समान पडायला आठ महिने गेले. तेव्हापासून शिकवताना मी वाजवतो कमी, गाऊन जास्त दाखवतो. पोरं हसतात, हसू देत.

क्लासिकल गिटार उजव्या हाताच्या नखांनी वाजवतात, तेव्हा नखांचं आत्ताच शिकून घे. एकदा कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी स्कूटरची डिकी उघडताना अनामिकेचं नख मुळापासून गेलं. पिंगपाँगच्या चेंडूचा तुकडा कापला, उरलेल्या नखाखाली फेविक्विकने चिकटवला, बारीक पॉलिश पेपरने घासला. वाजलं, पण पहिल्या तारेवर आवाज जरा पत्र्यासारखा येत होता. तेव्हापासून एक चेंडू गिटारच्या पेटीतच असतो.

डिग्री मात्र पूर्ण कर. मला पहिली दोन वर्षं पाचच विद्यार्थी होते, त्यातले दोघे दहावीचं कारण सांगून गळाले.

आणि जुलैमध्ये गिटार भिंतीला टांगून ठेवू नकोस. माझ्या एका गिटारचा ब्रिज (तारा बांधायची खालची पट्टी) दमट हवेने असाच सुटून वर आला होता. पेटीत ठेव, सोबत सिलिका जेलच्या पुड्या आणि आर्द्रता मोजायचा छोटा मीटर. काटा 50 टक्क्यांच्या आसपास राहिला तर बरं. 65 च्या वर गेला की पुड्या बदल.