आधी ठरवा हेडफोन कोण घालणार, मग मॉडेल बघा

तुमचा प्रश्न मला असा समजला की एकाच खोलीत व्होकल आणि अकूस्टिक गिटार रेकॉर्ड करताय, कंडेन्सर माइकच्या ट्रॅकमध्ये क्लिक (ताल धरायला हेडफोनमध्ये वाजणारी टिकटिक) ऐकू येतोय, लवकरच त्याच खोलीत ड्रम्सपण घ्यायचेत, आणि या सगळ्याला पुरेल असा एकच हेडफोन हवाय. वर विचारलंय की नॉइज कॅन्सलिंगवाला घेतला तर दोन्ही प्रश्न सुटतील का.

नाही सुटणार. नॉइज कॅन्सलिंगचं का नको ते पुढे सांगतो, पण त्याआधी एक गोष्ट नीट लक्षात घ्या कारण बहुतेक लोक इथेच गडबडतात. आयसोलेशन दोन दिशांचं असतं. एक म्हणजे हेडफोनमधला आवाज बाहेर माइककडे जाऊ न देणं, आणि दुसरं म्हणजे खोलीतला आवाज कानापर्यंत येऊ न देणं. गाणाऱ्याला पहिलं लागतं, ड्रमरला दुसरं. कप तोच, पॅड तेच, पण दोघांची गरज वेगळी, म्हणून कोण घालणार हे ठरल्याशिवाय मॉडेलची चर्चा करून काही उपयोग नाही.

ओपन-बॅक तर माइकसमोर आणूच नका. सेनहायझर एचडी ६०० किंवा एचडी ६५० मिक्सिंगला अप्रतिम आहेत, पण त्यांच्या कपची मागची बाजू जाळीची असते आणि जेवढं कानात वाजतं त्यातलं बरंचसं सरळ बाहेरही वाजतं. सेमी-ओपनबद्दलही सावध राहा. एकेजी के२४० हा स्टुडिओंच्या फोटोंमध्ये खूप दिसतो म्हणून लोक तो रेकॉर्डिंगसाठी घेतात, आणि तो सेमी-ओपन आहे, क्लिक गळणारच. तुम्हाला क्लोज्ड-बॅक, म्हणजे मागून बंद कपचा, आणि कानाभोवती पूर्ण बसणारा, म्हणजे ओव्हर-इअर, एवढंच बघायचंय.

आता बॉक्सवरच्या आकड्यांबद्दल. सेनहायझर एचडी २८० प्रोवर ३२ डीबीपर्यंत (डेसिबल, आवाजाच्या पातळीचं माप) आयसोलेशन लिहिलेलं असतं, बायरडायनॅमिक डीटी ७७० प्रोला सुमारे १८ डीबी, त्याच घराण्यातल्या डीटी ७७० एमला सुमारे ३५ डीबी. हे आकडे खोटे नाहीत पण त्यातला ‘पर्यंत’ हा शब्द नीट वाचा. कुठलाही बंद कप वरच्या फ्रिक्वेन्सी चांगल्या अडवतो, खालच्या नाही अडवत, कारण बेस अडवायला वजन लागतं आणि डोक्यावर किती वजन घालणार! त्यामुळे सिंबल आणि स्नेअरचा कडकपणा एकदम कमी झालेला जाणवेल पण किक ड्रमचा धक्का जवळपास तसाच येईल, आणि त्यातला काही भाग तर कानातून येतच नाही, हाडांतून येतो. या हाडांच्या वाटेमुळेच काहीही घातलं तरी साधारण ४०-५० डीबीच्या पुढे आयसोलेशन जातच नाही.

आणि बॉक्सवरचा आकडा तुमच्या डोक्यावर मिळेल की नाही हे ठरतं सीलवर, म्हणजे पॅड कानाभोवती फट न ठेवता किती बसतं त्यावर. मला विचाराल तर मॉडेलपेक्षा हे महत्त्वाचं. दार कितीही जाड असो, खाली बोटभर फट राहिली की आवाज येतोच, तसंच आहे हे. चष्मा घालणाऱ्यांनी एक करून बघा: हेडफोन घालून बेस असलेलं काहीतरी लावा आणि चष्म्याची काडी जिथे पॅडखालून जाते तिथे पॅड बोटाने हलकेच दाबा. बेस एकदम भरून आला तर समजा की इतका वेळ तिथून गळत होतं, आणि जिथून बेस जातोय तिथूनच क्लिकही माइककडे जातोय. उपाय सोपा आहे, रेकॉर्डिंगपुरता बारीक काडीचा चष्मा वापरा नाहीतर काढून ठेवा. कानावर आलेले केस मागे घ्या, मोठे कानातले काढा, टोपी असेल तर हेडबँडच्या खाली ती पॅडमध्ये येत नाहीये ना बघा. फुकटात होणारी सुधारणा आहे ही आणि कधीकधी नवीन हेडफोन घेण्यापेक्षा जास्त फरक पडतो.

पॅडचं कापडही बघा. लेदरसारखे पॅड जास्त सील करतात पण तासाभरात घाम येतो, वेलूर मऊ असतं आणि चष्म्याभोवती छान बसतं पण त्यातून थोडं जास्त गळतं. आणि पॅड हा झिजणारा भाग आहे. लेदरेट सोलायला लागलं, आतला फोम चपटा झाला, की आयसोलेशन गेलं आणि आवाजही बदलला. बदलता येतील असे पॅड असलेलाच हेडफोन घ्या, आणि बदलताना शक्यतो मूळ कंपनीचेच घ्या कारण पॅडची जाडी बदलली की टोन बदलतो.

आता मॉडेल्स. गाणाऱ्यासाठी माझी पहिली पसंती डीटी ७७० प्रो, ८० ओहमवाला. १८ डीबी हा आकडा छोटा वाटतो पण गाणाऱ्याच्या आजूबाजूला काही धिंगाणा चालू नसतो, त्याला तासन्‌तास डोक्यावर हलकं वाटणं जास्त गरजेचं असतं, आणि क्लिक प्रमाणात ठेवला तर हा पुरतो. सोनी एमडीआर-७५०६ पण तितकाच भरवशाचा, १९९१ पासून बाजारात आहे आणि जगभरच्या स्टुडिओंमध्ये अजून सापडतो, वरच्या फ्रिक्वेन्सी जरा टोकदार देतो त्यामुळे गाताना श्वास, ‘स’चा आवाज, माइकवर बसलेला फटका लगेच कळतो. पॅड पातळ आहेत, त्यामुळे ड्रम्ससाठी मी तो देणार नाही. ऑडिओ-टेक्निका एटीएच-एम५०एक्सची केबल काढता येते हा मोठा फायदा, कारण स्टुडिओत सगळ्यात आधी केबलच मरते.

ड्रमरसाठी एचडी २८० प्रो किंवा डीटी ७७० एम. पहिला डोकं चांगलंच आवळतो, काहींना त्रास होतो, पण त्या आवळण्यातूनच ते आयसोलेशन येतं. दुसरा ड्रमर आणि लाइव्ह साउंडवाल्यांना डोळ्यासमोर ठेवूनच बनवलाय, केबलवरच व्हॉल्यूमचा कंट्रोल आहे, वाजवता वाजवता कमीजास्त करता येतो. तिसरा रस्ता इन-इअरचा. शुअर एसई२१५ सारख्या इन-इअरला कंपनी ३७ डीबीपर्यंत सांगते आणि फोमची टिप नीट बसवली तर ते पटतं, शिवाय बाहेर जवळपास काहीच गळत नाही त्यामुळे गाणाऱ्यालाही चालतात. कुणी त्यावर कारखान्यातला इअरमफ चढवतात. ड्रमरला फायदा होतो, पण ३७ आणि २५ मिळून ६२ होत नाहीत हं, पाच-दहा डीबीच वाढतात, परत तीच हाडांची वाट.

एकच घ्यायचा हट्ट असेल तर एचडी २८० प्रो घ्या. दोन घेता आले तर ७७० प्रो ८० ओहम गाण्याला आणि ड्रमरला इन-इअर.

ड्रम्सबद्दल एक गोष्ट मनापासून सांगतो, कारण इथे नुसता रेकॉर्डिंगचा प्रश्न नाहीये, कानाचा आहे. छोट्या खोलीत ड्रमरच्या कानाशी १०० डीबीच्या वर लेव्हल सहज जाते. साधा हेडफोन घातला की तो क्लिक ऐकू यावा म्हणून व्हॉल्यूम ड्रम्सच्याही वर नेतो. अमेरिकेतल्या नायोश या संस्थेची शिफारस अशी की ८५ डीबीला दिवसाचे ८ तास, आणि दर ३ डीबीला वेळ निम्मा, म्हणजे ८८ ला ४ तास आणि १०० ला फक्त १५ मिनिटं. हिशेब करून बघा, १०५ चे ड्रम्स २५ डीबीने खाली आले तर ८० राहतात, त्यावर क्लिक ऐकायला ८५-८८ पुरतं. नाहीतर तोच क्लिक ११० ला वाजवावा लागतो. गेलेलं ऐकणं परत येत नाही, तेव्हा पैसे वाचवायचेच असतील तर माइकमध्ये वाचवा, ड्रमरच्या हेडफोनमध्ये नको.

नॉइज कॅन्सलिंग. ते तंत्र सतत चालणाऱ्या खालच्या आवाजांवर चांगलं चालतं, विमानाची घरघर, पंखा वगैरे, साधारण १ किलोहर्ट्झच्या खाली. स्नेअरचा फटका हा एका क्षणात येऊन जाणारा आवाज, त्यावर त्याचा फार जोर चालत नाही. आणि मुख्य म्हणजे ते तुमच्या कानात येणारा आवाज कमी करतं, हेडफोनमधून माइककडे जाणाऱ्या क्लिकसाठी काहीच करत नाही, जो तुमचा खरा त्रास आहे. त्यात ब्लूटूथवर वापरलं तर शंभर-दोनशे मिलिसेकंदांचा उशीर होतो, त्यावर कुणी तालात वाजवू शकत नाही. बॅटरी, स्वतःचा ईक्यू, हे अजून वेगळंच. प्रवासाला ठेवा ते.

आता तुमच्या आताच्या क्लिकबद्दल, कारण हे हेडफोन न बदलताही बरंच सुधारेल. बॅलडच्या शेवटी गिटारचा शेवटचा कॉर्ड विरत जातो, तिथे कंप्रेसरने (मोठे आवाज दाबून मग सगळाच ट्रॅक वाढवणारं साधन) मेक-अप गेन, म्हणजे ती वाढ, १० डीबी दिली की क्लिकही बरोबर १० डीबी वर येतो, आणि जिथे शांतता हवी तिथेच टिकटिक सुरू. म्हणून क्लिकच्या ट्रॅकवर व्हॉल्यूम ऑटोमेशन करा, शांत भागात खाली घ्या, शेवटच्या कॉर्डच्या आधी पूर्ण बंद. मग आवाज बदला. सॉफ्टवेअरमधला टोकदार बीप हा सगळ्यात वाईट, त्याऐवजी मऊ शेकर किंवा साधा ड्रम लूप लावा, थोडा गळला तरी गाण्यात मिसळून जातो. आणि एकूण व्हॉल्यूम. मॉनिटर, म्हणजे हेडफोनमध्ये येणारा आवाज, ६ डीबी खाली आणला तर गळतीही ६ डीबी खाली, यापेक्षा स्वस्त आयसोलेशन नाही. खोलीतला पंखा, कॉम्प्युटरचा फॅन बंद केला की गाणाऱ्याला आपोआप कमी व्हॉल्यूम पुरतो.

माइक फिरवून काही होईल का? गाताना फारसं नाही, कारण तोंड आणि कान दोन्ही माइकच्या समोरच आहेत, जवळ गेलात तर कानही जवळ येतो. पण गिटारला होतं आणि हे फार कमी लोक करतात. गिटारचा माइक नेहमीप्रमाणे खालून किंवा समोरून न लावता जरा उंचावर घ्या आणि खाली गिटारकडे तोंड करून लावा, म्हणजे कार्डिऑइडची (मुख्यतः समोरून ऐकणारा माइक) पाठ वादकाच्या डोक्याकडे येते, आणि कार्डिऑइड पाठीमागून सगळ्यात कमी ऐकतो. फिगर-एट माइक (पुढून आणि मागून ऐकणारा) असेल तर त्याची बाजू डोक्याकडे करा, ९० अंशावर तो जवळपास बहिरा असतो.

बऱ्याच गायकांना एक कान उघडा ठेवून गायची सवय असते, कारण दोन्ही कान बंद झाले की स्वतःचा आवाज डोक्यात घुमतो आणि सूर हलतो. त्यांना अडवू नका, फक्त ती बाजू पॅन करून, म्हणजे सगळा आवाज दुसऱ्या कपात पाठवून, पूर्ण बंद करा, नाहीतर तो उचललेला कप म्हणजे माइकशेजारी ठेवलेला छोटा स्पीकरच. आणि कप हवेत लटकू न देता कानामागे हाडावर टेकवायला सांगा. दोन्ही कानांनी गाणाऱ्याला त्याचाच आवाज थोडा रिव्हर्ब लावून द्या, इंटरफेसचं (माइक कॉम्प्युटरला जोडणारी पेटी) डायरेक्ट मॉनिटरिंग चालू ठेवा, म्हणजे माइकचा आवाज कॉम्प्युटरमधून न फिरता सरळ कानात येतो, आणि तरी आवाज पोकळ वाटला तर त्याच्या मॉनिटरमध्ये व्होकलची पोलॅरिटी (ध्वनिलहरीची वर-खाली दिशा) उलटी करून बघा, कधीकधी लगेच भरीव वाटतो.

ओहमचं, म्हणजे हेडफोनच्या विद्युत रोधाचं, थोडक्यात. २५० ओहमवाला ७७० छोट्या इंटरफेसवर हळू वाजतो, म्हणून ८० म्हटलं. स्प्लिटर लावून एका आउटपुटवर दोन हेडफोन चालवले तर दोघांचा व्हॉल्यूम एकत्रच कमीजास्त होतो, आणि गायक व ड्रमरला सारखा व्हॉल्यूम कधीच चालत नाही. त्यापेक्षा चार आउटपुटचा छोटा हेडफोन अँप घ्या.

घेण्याआधी किंवा घेतल्यावर लगेच ही चाचणी करा. माइक नेहमीच्या जागी, गेन नेहमीचा, हेडफोन डोक्यावर, क्लिक आणि बॅकिंग ट्रॅक गाण्याच्या खऱ्या व्हॉल्यूमवर, आणि तोंड बंद ठेवून अर्धा मिनिट रेकॉर्ड करा. मग एकदा दोन्ही कप हाताने घट्ट दाबून तेच. दोन्ही ट्रॅक सारखेच वाढवून ऐका. दाबल्यावर गळती खूप कमी झाली तर दोष सीलचा आहे, पॅड आणि चष्म्याकडे बघा. काहीच फरक नसेल तर आवाज कपमधूनच येतोय किंवा व्हॉल्यूम फारच जास्त आहे, तर आधी व्हॉल्यूम खाली आणून परत ऐका आणि तरी गळत असेल तेव्हाच हेडफोन बदला. सध्या कुठला वापरताय तेवढं कळवा, आणि चष्मा आहे का तेही.